डी भरलंय, मग हाडं का रिकामी?

पाण्याचा दिवस असला की आमच्या गल्लीत पहाटे चारलाच दिवे लागतात. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. मग बॅरल, हंडे, बादल्या आणि शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवायचा. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका पहाटे आत्या मोरीत घसरली. घसरली म्हणजे नुसती बसली, पण बसताना हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशानं हाड मोडायला नको, असं म्हणत डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि दोन तपासण्या लिहून दिल्या. एक रक्तातल्या व्हिटॅमिन डीची, दुसरी हाडांची घनता मोजणारी, डेक्सा स्कॅन.

डी आलं ३६. चांगलंच म्हणायचं, कारण साठ हजार युनिट डीची पुडी ती वर्षभर नेमानं दुधातून घेत होती. डेक्साचा आकडा मात्र उणे २.९. याला टी-स्कोअर म्हणतात. तरुण, निरोगी माणसाच्या हाडांची सरासरी घनता म्हणजे शून्य धरायचं आणि तिथून आपण किती खाली आहोत ते बघायचं. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, म्हणजे हाडं ठिसूळ झाली.

आत्यानं चष्मा लावून कागद वाचला. सोलापूरच्या माणसाला मायनस शिकवावं लागत नाही. उजनीची टक्केवारी आम्ही रोज पेपरात बघतो, आणि उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यात गेलं की ती टक्केवारी उणे होते, हे पोराबाळांनाही ठाऊक असतं. "म्हंजे माझी उजनी मायनसमध्ये गेली की गं," ती म्हणाली. आणि मग खरा प्रश्न: "पण डी तर भरलंय म्हणतात. मग हाडं कशी काय रिकामी?"

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. तरी तेव्हा मी काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली. खरं उत्तर द्यायचं तर हाड बांधणाऱ्या पेशीच्या आत शिरावं लागतं, आणि तिथे डी एकटं नसतं. तिथे इस्ट्रोजेनही असतं, बायकांच्या बीजकोशात बनणारं हार्मोन. निदान असायला हवं.

आधी हाडाबद्दल. वर्गातला सांगाडा पांढरा आणि वाळका असतो, त्यामुळे हाड म्हणजे एकदा उभी केलेली भिंत अशी समजूत होते. जिवंत हाडात दोन टोळ्या सतत कामावर असतात. ऑस्टिओक्लास्ट या पेशी जुनं हाड विरघळवून खड्डा करतात, आणि ऑस्टिओब्लास्ट या पेशी तो खड्डा नव्या हाडानं भरून काढतात. खोदायला दोन-तीन आठवडे, भरायला तीन-चार महिने. ड्रेनेजसाठी खोदलेला रस्ता ज्यानं पाहिलाय त्याला हे प्रमाण वेगळं समजावून सांगायला नको. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण १० टक्के भाग दरवर्षी असा बदलला जातो.

यात एक गोम आहे, आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. खोदणाऱ्यांना कामावर बोलावतं कोण? भरणारेच. ऑस्टिओब्लास्ट आणि त्यांच्या गोतावळ्यातल्या पेशी रँक-लिगँड नावाचं प्रथिन तयार करतात. ते मिळालं की खोदणाऱ्या पेशी तयार होतात आणि कामाला लागतात. भरणाऱ्या याच पेशी आणखी एक प्रथिन सोडतात, ऑस्टिओप्रोटेजेरिन. हे १९९७ साली सापडलं. ते रँक-लिगँडला वाटेतच धरून ठेवतं, निरोप पोचूच देत नाही. म्हणजे बोलावणंही यांचंच आणि आडकाठीही यांचीच. दोन्हींतलं काय जास्त सोडायचं, हे बाहेरून येणारे हार्मोन ठरवतात.

त्यातलं एक म्हणजे आपलं डी. नाव जीवनसत्त्वाचं, पण वागणं पक्कं हार्मोनचं. कातडीत कोलेस्टेरॉलचा एक चुलत पदार्थ असतो. त्यावर उन्हातले अतिनील बी किरण पडले की डी तयार होतं. ते यकृतात जाऊन एक बदल करून घेतं. आत्याच्या रिपोर्टात ३६ म्हणून जे मोजलं ते हे, साठवणीतलं डी. खरं काम करणारं रूप पुढे मूत्रपिंडात तयार होतं, त्याला कॅल्सिट्रायॉल म्हणतात. साठवण आणि काम यांतला हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सोलापुरात उन्हाला तोटा नाही. नियम असा सांगतात की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच्या उन्हात कातडी डी चांगलं बनवते. लांब सावलीच्या उन्हात ते किरण वातावरणातच अडकतात. आपण १७ ते १८ अक्षांशांच्या मध्ये आहोत, त्यामुळे अगदी डिसेंबरातही भरदुपारी आपली सावली उंचीपेक्षा आखूडच पडते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर ती एका दुपारी पायाखालीच गडप होते. म्हणजे बाराही महिने डीचं दुकान उघडं. पण आत्यानं तीस वर्षं बिड्या वळल्या. मांडीवर सूप, एका हाताला तंबाखू, दुसऱ्या हाताला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. बाहेर बसलं तर उन्हानं पान कडक होतं, वाऱ्यानं तंबाखू उडते, म्हणून बसायचं दाराच्या आत. बिडी वळणाऱ्या आमच्या शेजारणींचे दिवस असेच गेले. ऊन दारापर्यंत यायचं, अंगावर यायचं नाही. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊनही या बाबतीत निकामी; ऊब येते, पण ते किरण काच अडवते.

असो. पुडीनं ती तूट भरली. मग अडलं कुठे?

कॅल्सिट्रायॉल रक्तातून ऑस्टिओब्लास्टमध्ये शिरतं. आत त्याची वाट बघणारं एक प्रथिन असतं, डीचा रिसेप्टर. मी वर्गात त्याला पेशीचा कान म्हणते. डी आलं की हा कान आणखी एका प्रथिनाशी जोडी जमवतो, दोघं मिळून डीएनएवरच्या ठरावीक जागी जाऊन बसतात, आणि तिथली जनुकं चालू होतात. काही जनुकं हाडाच्या चौकटीत बसणारी प्रथिनं बनवतात. एक जनुक रँक-लिगँडचंही असतं. हो, खोदणाऱ्यांना बोलावणारं. म्हणजे डीच्या आदेशावर ऑस्टिओब्लास्ट बांधतेही आणि खोदणाऱ्यांना हाकही मारते.

विचित्र वाटतं, कारण आपल्या डोक्यात डी म्हणजे हाडांचं औषध असं बसलंय. माझं मत विचाराल तर इथेच सगळा घोळ आहे. डीची निष्ठा हाडांशी नाही, रक्तातल्या कॅल्शियमशी आहे. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं, पण उरलेल्या एका टक्क्यावर हृदयाचा ठोका आणि स्नायूंची हालचाल चालते. शहराचा नळ कोरडा पडला तर उजनीतून सोडावंच लागतं, मग धरण मायनसमध्ये का जाईना. डी आधी आतड्याला सांगतं, अन्नातलं कॅल्शियम ओढून घे. पुरेसं मिळालं तर हाडांचीही चंगळ. नाही मिळालं तर तेच डी हाडातून काढायला लावतं. उंदरांवरच्या प्रयोगांत हे स्वच्छ दिसलंय. आतड्यातून कॅल्शियम शोषलं जाईना तेव्हा कॅल्सिट्रायॉल वाढलं, आणि त्यानं रक्तातली पातळी राखण्यासाठी हाडात कॅल्शियम बसणंच रोखलं.

याचा दुसरा पुरावा माणसांतला आहे. काही मुलं जन्मतःच डीचा रिसेप्टर बिघडलेला घेऊन येतात. रक्तात कॅल्सिट्रायॉल भरपूर, पण पेशीला ऐकूच येत नाही. हाडं मऊ पडतात, मुडदूस होतो. अशा मुलांना शिरेतून थेट कॅल्शियम दिलं, तर रिसेप्टर बिघडलेलाच असूनही हाडं सुधारतात. म्हणजे हाडांसाठी डीचं मोठं काम आतड्यातून कॅल्शियम आणून देणं हे आहे. हाडाच्या आत ते काय करतं, हे तिथली परिस्थिती बघून ठरतं.

आणि ती परिस्थिती ठरवणाऱ्यांत इस्ट्रोजेनचा मान मोठा.

पाळी गेल्यावर बायकांची हाडं झिजतात, हे डॉक्टरांना १९४० च्या सुमारापासून माहीत होतं. पण इस्ट्रोजेन हाडांवर थेट काम करतं की दुसऱ्या कुणाच्या मार्फत, हे कळत नव्हतं, कारण हाडांच्या पेशींत त्याचा रिसेप्टरच सापडत नव्हता. तो १९८८ साली सापडला, एकाच वर्षी दोन गटांना. तोवर प्रसूती आणि पाळीच्या खात्यात टाकलेलं हे हार्मोन अचानक हाडांच्या खात्यात आलं. मग १९९४ साली एका २८ वर्षांच्या पुरुषाची हकीकत प्रसिद्ध झाली. उंची २०४ सेंटिमीटर आणि अजून वाढतच होता. हाडांची टोकं जुळून वाढ थांबायला हवी ती थांबली नव्हती, आणि हाडं ठिसूळ. त्याच्या रक्तात इस्ट्रोजेन होतं, चांगलं भरपूर होतं. रिसेप्टर बिघडलेला. पुरुषाच्या हाडालाही इस्ट्रोजेन लागतं, हे त्या एका माणसामुळे जगाला नीट कळलं. आत्याला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, "बघ, त्याचंबी भरलेलं होतं आन् हाडं रिकामी." तिनं बरोबर धागा पकडला होता.

आता दोघांची गाठ. १९९२ साली उंदराच्या ऑस्टिओब्लास्टसारख्या पेशींवर केलेलं एक काम प्रसिद्ध झालं. या पेशी बशीत वाढवल्या आणि त्यांना इस्ट्रोजेन दिलं. पेशीतल्या डीच्या रिसेप्टरांची संख्या वाढली, आणि डी दिल्यावर पेशींचा प्रतिसादही वाढला. डी तेवढंच, ऐकणारे कान जास्त. इस्ट्रोजेन आटलं की उलटं. बाहेर डी कितीही ओरडो, आत ऐकणारे कमी.

आत्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. रिपोर्टातला ३६ हा आकडा रक्तातल्या साठवणीचा आहे. पेशीत किती कान शाबूत आहेत, हे कुठलीच लॅब मोजून देत नाही. हेच आतड्याचं. तिथल्या पेशीही इस्ट्रोजेन असताना डीचं जास्त ऐकतात, म्हणून पाळी गेल्यावर त्याच भाकरीतून आणि त्याच दुधातून कॅल्शियम कमी उतरतं. मूत्रपिंडात साठवणीच्या डीचं कामाच्या डीत रूपांतर करणाऱ्या एन्झाइमलाही इस्ट्रोजेनचा हातभार लागतो.

परतफेडही आहे. ऑस्टिओब्लास्टमध्ये अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं. ते पुरुषी म्हणवल्या जाणाऱ्या हार्मोनपासून इस्ट्रोजेन बनवतं. माणसाच्या ऑस्टिओब्लास्टना कॅल्सिट्रायॉल दिलं की हे अरोमाटेज वाढतं, असं प्रयोगशाळेत दिसलंय. म्हणजे डी असेल तर हाडाची पेशी स्वतःपुरतं थोडं इस्ट्रोजेन घरच्या घरी करून घेते. बीजकोश थांबल्यावर बाईच्या अंगात जे काही इस्ट्रोजेन उरतं ते चरबीत, हाडात असंच किरकोळीनं बनलेलं असतं, त्यामुळे ही घरगुती सोय अगदीच बिनमहत्त्वाची नाही. इस्ट्रोजेन डीला कान देतं, डी इस्ट्रोजेनला चूल देतं.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती रँक-लिगँडवरची रस्सीखेच. डी ते वाढवतं, हे वर आलंच. इस्ट्रोजेन ते कमी करतं, आणि वाटेत अडवणारं ऑस्टिओप्रोटेजेरिन वाढवतं. शिवाय भरणाऱ्या पेशींचं आयुष्य लांबवतं आणि खोदणाऱ्यांना लवकर मरायला लावतं. म्हणजे इस्ट्रोजेन हजर असतं तेव्हा डीच्या आदेशातला 'खोदा' हा भाग दबलेला राहतो आणि 'बांधा' हा भाग वर येतो. इस्ट्रोजेन गेलं की तोच आदेश, त्याच पेशीत, वेगळा वाचला जातो. त्यातून ताटात कॅल्शियम कमी असेल तर बोलायलाच नको.

आता हे बशीतल्या पेशींचं आहे, हे मान्य करायला हवं. १९९२ मधल्या त्या पेशी तर हाडाच्या कर्करोगातून वाढवलेल्या होत्या. तशा वापरतात, कारण त्या बशीत टिकतात. पेशी कुठली, किती पक्व, यावर उत्तर बदलतं. बशीत जे घडतं ते बाईत घडेलच असं नाही.

म्हणून माणसांतला एक आकडा मी फार वेळ बघत बसले. अमेरिकेत पाळी गेलेल्या बायकांवर एक प्रचंड चाचणी झाली, विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह. त्यातल्या एका भागात ३६,२८२ बायकांपैकी निम्म्यांना रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट डी दिलं. २००६ साली निकाल आला. खुब्याची घनता जेमतेम एका टक्क्यानं बरी, पण खुब्याची मोडतोड कमी झाली असं ठामपणे म्हणता येईना. मूतखडे मात्र वाढले. साठ हजारांची पुडी म्हणजे हाडांचा विमा असं समजणाऱ्यांची इथेच निराशा व्हायला हवी होती. २०२२ साली तर डीची कमतरता आहे की नाही हे न बघता निवडलेल्या हजारो निरोगी मोठ्या माणसांत रोज २,००० युनिट देऊनही हाडं मोडणं कमी झालं नाही.

पण त्याच पहिल्या चाचणीतल्या सुमारे १६,००० बायका हार्मोनच्या चाचणीतही होत्या. २०१४ साली त्यांचा हिशेब वेगळा मांडला गेला. दर १०,००० बायकांमागे वर्षाला खुबे मोडले ते असे. काहीच न घेणाऱ्यांत २२, नुसतं कॅल्शियम आणि डी घेणाऱ्यांत २५, नुसतं हार्मोन घेणाऱ्यांत १८, आणि दोन्ही घेणाऱ्यांत ११. डीनं एकट्यानं काही केलं नाही. इस्ट्रोजेनच्या सोबतीनं मात्र खुबे मोडायचं प्रमाण निम्म्यावर आलं. बशीतल्या पेशींनी बावीस वर्षं आधी जे सुचवलं होतं, त्याच्याशी हे जुळतं. ते त्याच कानांमुळे झालं, असं मात्र यातून सिद्ध होत नाही.

यावरून कुणी मेडिकलच्या दुकानात जाऊन हार्मोन मागू नये. त्याच मोठ्या चाचणीतला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनचा भाग २००२ साली मुदतीआधी थांबवावा लागला होता, कारण स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्या. पाळी नुकती गेलेली पन्नाशीची बाई आणि सत्तरीची बाई यांचा हिशेब वेगळा असतो, आणि तो डॉक्टरांनी समोर बसवूनच करायचा असतो.

आत्याच्या गोष्टीतला एक तुकडा मला उशिरा कळला. डॉक्टरांनी विचारलं, "पाळी कधी गेली?" ती म्हणाली, "पिशवी काढली ना, चाळिसाव्या वर्षी." पिशवीबरोबर बीजकोशही काढले होते, हे तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं, जुनी फाइल उघडल्यावर दिसलं. भारतात पाळी सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळीसला जाते, पाश्चात्त्य देशांत एक्कावन्नच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे मुळातच चार-पाच वर्षं आधी. त्यात बीजकोश काढले तर इस्ट्रोजेन हळूहळू ओसरत नाही, एका रात्रीत तुटतं. नुसती पिशवी काढली, बीजकोश ठेवले, तरी ते पुष्कळदा लवकर थकतात. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा गवगवा २०१९ साली झाला, तेव्हा सगळी चर्चा पोट आणि मजुरी यांची झाली. हाडांचं फारसं कुणी बोललं नाही. इस्ट्रोजेन तुटल्यावर पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांचा २० टक्क्यांपर्यंत भाग जाऊ शकतो. आत्या आता एकसष्ट वर्षांची आहे. एकवीस वर्षं तिच्या पेशींचे कान बसलेले, आणि त्यात बरीच वर्षं डीचाही पत्ता नाही.

खाण्यातही चकवा होता. ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणीवर माणूस कणखर होतो, अशी तिची श्रद्धा. कणखर होत असेल. पण १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम तीस मिलिग्रॅमसुद्धा नसतं, शेंगदाण्यात पन्नासच्या आसपास, आणि तिला दिवसाला लागतं हजाराच्या घरात. नाचणीत साडेतीनशे. तिळात हजाराच्या वर, पण तीळ आम्हाला आठवतात ते गड्ड्याच्या जत्रेत, संक्रांतीला. तिळातलं सगळं कॅल्शियम आतड्यात उतरत नाही, तरी चमचाभर तीळ भाकरीवर थापायला काय जातं? ते आता सुरू झालंय. पुडी मात्र डॉक्टरांनी महिन्याला एकवर आणली; डी चरबीत साठतं, जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढवून मूत्रपिंडाला त्रास देतं.

औषध म्हणून तिला आठवड्याची एक गोळी दिलीय, खोदणाऱ्या पेशींना आवरणारी. सकाळी उपाशीपोटी, भांडंभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचंही नाही. आडवं झालं तर अन्ननलिका भाजू शकते. आत्याची पहिली सूचना होती, गोळी पाण्याच्या दिवशी घेऊ, म्हणजे विसरणार नाही. पण पाणी चार-पाच दिवसांनी आणि गोळी सात दिवसांनी. शेवटी गुरुवार ठरला.

गुरुवारी ती गोळी घेते आणि ओट्यावर भिंतीला टेकून ताठ बसते. परवा साडेसातला मी कॉलेजला निघाले तेव्हा म्हटलं, बसलीच आहेस तर पदर सरकव जरा, ऊन लागू दे हातांना. तिनं मान वळवून जमिनीकडे बघितलं. तिची सावली ओट्यावरून उतरून पार रस्त्यापर्यंत गेली होती.

"अजून लांब हाय," ती म्हणाली. "अकराला बसते."